नाल्याच्या मुखाशी बासष्ट घरं

मंदाकिनी देवघरे लग्न होऊन गोंदियाहून रायपूरला आल्या, तेव्हा त्यांच्या लोखंडी पेटीत साड्यांच्या खाली भूगोलाची तीन जाडजूड पुस्तकं निघाली. सासूबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. "हे काहून आणले वो?" त्यांनी विचारलं.

"मले आवडतात," नवी सून म्हणाली.

सासूबाईंना ते उत्तर काही झेपलं नाही. पण बाई मनाची मोकळी. दोन वर्षांनी त्यांनीच ओळखीपाळखीतून शब्द टाकला आणि सुनेला शाळेत लावून दिलं. मुलगा अनंतराव रेल्वेत कारकून, सकाळी डबा घेऊन जायचा तो दिवेलागणीला परतायचा. सून घरात बसून काय करेल, असा त्यांचा साधा हिशेब.

शाळा हिंदी माध्यमाची होती, जोगीबांधा तलावाच्या काठावर. तेलीबांधा भागाच्या पुढे तेव्हा शहर संपल्यासारखंच होतं. धानाची शेतं, बाभळी, आणि त्यात हा पसरट तलाव. मंदाकिनीबाईंनी तिथे पस्तीस वर्षं भूगोल शिकवला. त्यांच्या हिंदीला वऱ्हाडीची फोडणी होती. 'नदी बहके राहिली' असं त्या ओघात म्हणून जात आणि पोरं पुस्तकात तोंड खुपसून हसत. बाईंनाही ते कळायचं. त्या रागवत नसत. "हसून राहिले का? हसा. पर नदी कहाँ बहके राहिली, ये तो बताओ," असं म्हणून हसणाऱ्यालाच फळ्यापाशी उभं करत.

लग्नानंतर बारा वर्षांनी मूल झालं, अभिनव. तो सोळा वर्षांचा असताना अनंतराव गेले. मधुमेह होता, शेवटी मूत्रपिंडं थकली. घरात मायलेक दोघंच उरले. बाई आईही झाल्या, बापही झाल्या. अभिनव आईशी लहानपणी मराठी बोलायचा. मोठा झाल्यावर तिचं मराठी ऐकायचा आणि उत्तर हिंदीत द्यायचा. बाईंनी त्याचंही कधी मनाला लावून घेतलं नाही.

दोन हजार सालच्या नोव्हेंबरात छत्तीसगड वेगळं झालं आणि रायपूर राजधानी झाली. शाळेतल्या पुस्तकात मात्र अजून मध्य प्रदेशाचाच नकाशा होता. नवी पुस्तकं यायला वेळ होता. तोवर आपल्या परिसराची माहिती मुलांकडून गोळा करून घ्या, असं वरून पत्र आलं. बाकीच्या शिक्षकांनी चार ओळी लिहून फाईल बंद केली. मंदाकिनीबाईंनी सहावीच्या वर्गाला महानदी शिकवायला घेतली. कारण ती इथल्या डोंगरात उगम पावते, या मातीचं पाणी पिते आणि पार ओडिशात समुद्राला मिळते. तिथे, मुखाशी, तिचा वेग मंदावतो. वेग गेला की हातातलं ओझं सुटतं. मग माती खाली बसते, थरावर थर चढतो आणि पाण्यातून जमीन वर येते. त्रिकोणी. तिला म्हणतात डेल्टा, त्रिभुज प्रदेश.

मागच्या बाकावर पिंकी नावाची अकरा वर्षांची पोरगी बसायची. ढिमरापाऱ्यातली. पारा म्हणजे वस्ती. ढीमर हे मासे धरणारे लोक, तलावाच्या पूर्व टोकाला राहणारे. पिंकीनं हात वर केला.

"मॅडम, मुँह से तो खाना शुरू होता है. नदी मुँह पे खतम काहे होती है?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. त्यांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्हारे तालाब में नाला जहाँ गिरता है, वो जगह देखी है?"

"हमारा घर वहीच पे है."

पुढच्या रविवारी बाई पंधरा पोरं घेऊन ढिमरापाऱ्यात गेल्या.

तिथे त्यांनी जे पाहिलं, ते त्या रोज शाळेच्या खिडकीतून पाहत होत्या आणि तरी त्यांना कधी दिसलं नव्हतं. वरच्या शेतांतून येणारा नाला तलावात शिरत होता आणि शिरण्याआधी दोन फाट्यांत फुटत होता. त्या दोन फाट्यांच्या मधोमध, पाण्यात घुसलेल्या त्रिकोणी भुईवर, बासष्ट घरं होती. खपऱ्याची, मातीची, शेणानं सारवलेली. दारात जाळी वाळत घातलेली.

पिंकीचा आजा नत्थू घराबाहेर बसून जाळं विणत होता. पासष्टीचा असेल, अंगानं काटक, बोलायला सावकाश. पिंकीचा बाप कामाला म्हणून भिलाईला गेला तो परतलाच नव्हता. आई बाजारात मासे विकायची. पोरीला वाढवलं ते आज्यानं. बाईंनी त्याला विचारलं, "बबा, तुम्ही लोक इथंच काहून वसले? एवढा तलाव पडला आहे."

शिकलेल्या बाईला एवढंही कळू नये, अशा नजरेनं नत्थूनं त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यानं छत्तीसगढीत समजावलं. नवं पाणी जिथून येतं, तिथे मासा तोंड करून उभा राहतो. ढिमरानं मासा असेल तिथे राहावं. उत्तरेला दगडी पचरी आहे, म्हणजे घाटाच्या पायऱ्या, तिथे धोबी. कारण धुवायला दगड लागतो. दक्षिणेला उथळ, तिकडे गुरं राखणारे राऊत, कारण गुरांना उतरायला सोपं. पश्चिमेला चिकणमाती, तिथे कुंभार. "जइसन पार, तइसन मनखे," तो म्हणाला. जसा काठ, तशी माणसं.

बाईंनी वही काढली आणि ते वाक्य तिथल्या तिथे उतरवून घेतलं.

मग तो नादच लागला. ओळीनं आठ रविवार. नत्थू आपला डोंगा काढायचा, तीन तीन पोरं बसवायचा आणि बांबू तळाला टेकवून खोली सांगायचा. पोरं पावलांनी काठ मोजायची. पिंकीचा हात सुबक होता म्हणून काढायचं काम तिच्याकडे. कापडावर चिकटवलेल्या चार मोठ्या कागदांवर तलाव हळूहळू उमटू लागला. प्रत्येक घाटाचं नाव, प्रत्येक पाऱ्यात किती घरं, शिंगाडे कुठे लावतात, कमळं कुठे फुलतात. घरं मोजताना पोरांत भांडणं लागायची. माझ्या काकाचं घर राहिलं, आमचं छोटं का काढलं. पिंकीनं खोडरबर हातात घेऊन सगळ्यांचे न्याय केले.

शेवटच्या रविवारी नत्थूनं पाऱ्याच्या मागे, नाल्याच्या वर एका पिंपळापाशी सगळ्यांना नेलं. मुळाला हात लावून म्हणाला, "मैं लइका रहेंव, त पानी ए पीपर के जरी ले रहिस. मोर ददा इहें डोंगा बाँधय."

म्हणजे तो लहान असताना पाणी थेट इथवर होतं. त्याचा बाप इथे नाव बांधायचा. त्याच्या एका जन्मात एवढी भुई पाण्यातून वर आली होती.

पुस्तकात हजारो वर्षांची म्हणून जी गोष्ट मंदाकिनीबाई शिकवत आल्या, ती एका माणसानं डोळ्यांनी पाहिली होती. त्या पिंकीला म्हणाल्या, "बेटा, ये लिख. तुटक रेषा काढ, लाल."

पिंकीनं पिंपळापासून दोन्ही बाजूंना लाल तुटक रेषा ओढली. बासष्ट घरं त्या रेषेच्या आत, तलावाच्या बाजूला आली. रेषेवर तिनं सुवाच्य अक्षरांत लिहिलं : 'पुरानी जल-सीमा, नत्थू ढीमर के बताए अनुसार.'

सव्वीस जानेवारीला नकाशा शाळेच्या मोठ्या भिंतीवर लागला. ढिमरापाऱ्यातली माणसं कामधंदा टाकून पाहायला आली. बायका बोटानं आपापलं घर शोधायच्या आणि सापडलं की त्यावर बोट तसंच ठेवून उभ्या राहायच्या. नत्थूला अक्षरओळख नव्हती. पिंकीनं त्याला त्याचं नाव दाखवलं. तो म्हातारा कितीतरी वेळ त्या शब्दांपाशी उभा होता. मग बाईंकडे वळून म्हणाला, "बहिनजी, मोर गोठ ला कागज म बइठा देव." माझं बोलणं तुम्ही कागदावर बसवलंत.

त्या वर्षापासून दर कार्तिकात नत्थू शिंगाड्यांची टोपली घेऊन बाईंच्या दारी यायचा. बाई त्याला बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसवायच्या. तो खुर्चीच्या कडेवर बसायचा, चहा बशीत ओतून प्यायचा आणि पाण्याच्या बातम्या सांगायचा. यंदा मासा कमी, यंदा गाळ जास्त. पिंकी दर वर्षी पुढच्या वर्गात जात होती. बाई तिला वह्या द्यायच्या, संध्याकाळी शिकवायच्या. बारावी झाल्यावर पोरीनं कॉलेजात भूगोलच घेतला, तेव्हा बाईंना वाटलं, आपल्या शिकवण्याचं सोनं झालं.

दोन हजार नऊ साली मंदाकिनीबाई निवृत्त झाल्या. शाळेची डागडुजी चालली होती. हेडमास्तर म्हणाले, "मॅडम, नकाशा तुम्हीच न्या. इथं चुना उडून खराब होईल." बाईंनी तो घरी आणला आणि समोरच्या खोलीत लावला.

अभिनव तोवर इंजिनियर झाला होता. तेलीबांध्याला एका सल्लागार कंपनीत लागला होता. तेलीबांधा आता ओळखू येत नव्हतं. नव्या राजधानीचा रुंद रस्ता तिथूनच जात होता, दोन्ही अंगांना काचेच्या इमारती उठत होत्या. त्या रस्त्यावरून येणाऱ्याला जोगीबांधा तलाव डाव्या हाताला दिसायचा, आणि तो चांगला दिसावा असं वर कुणाच्या तरी मनात आलं होतं. काठ बांधायचे, फिरायला वाट करायची, दिवे लावायचे. त्याचा आराखडा अभिनवच्या कंपनीकडे आला.

एका संध्याकाळी जेवताना त्याची नजर भिंतीवर गेली. तो ताट सोडून उठला आणि नकाशापाशी जाऊन उभा राहिला.

"आई, ये तो कमाल है. इतनी डीटेल तो हमारे सर्वे में भी नहीं है. दो दिन के लिए दे ना."

पोरानं आईच्या कामाकडे पहिल्यांदा असं पाहिलं होतं. बाईंनी स्वतः खिळ्यावरून नकाशा काढला, जुन्या साडीत गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला. "जपून ने रे. पोट्ट्यांनी लय मेहनतीनं केला आहे."

चार दिवसांनी नकाशा परत आला आणि खिळ्यावर लागला. पुढे सहा महिने त्याबद्दल काही बोलणं झालं नाही.

मार्चमधली दुपार होती. दार वाजलं. पिंकी उभी होती, उन्हातून सायकल मारत आलेली, चेहरा लालबुंद. तिनं पाणीही घेतलं नाही. हातातला कागद पुढे केला.

नोटीस होती. तलावाच्या पात्रात अतिक्रमण करून बांधलेली बासष्ट घरं हटवण्यात येतील, रहिवाशांना शहराबाहेर पर्यायी घरं मिळतील. हरकत असल्यास अमुक तारखेला सुनावणी. खाली कारण दिलं होतं. सदर भूमी पूर्वी जलमग्न होती, हे उपलब्ध नकाशावरून तसेच स्थानिक रहिवासी नत्थू ढीमर यांच्या कथनावरून स्पष्ट होते.

बाईंनी ती ओळ एकदा वाचली. चष्मा काढून पुसला, परत वाचली.

"मॅडम," पिंकी म्हणाली, "वो लाईन मैंने खींची थी."

बाईंना तिच्याकडे पाहवेना. "तू नाही गं," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं म्हणून."

"पर हाथ तो मेरा था ना." पोरगी एवढंच बोलली आणि निघून गेली.

अभिनव घरी आला, तेव्हा आई त्या नकाशासमोर खुर्ची टाकून बसलेली होती. नोटीस मांडीवर होती.

"काहून केलं रे असं?"

त्यानं नोटीस वाचली. त्याला खरंच माहीत नव्हतं. निदान असं, या शब्दांत येईल हे माहीत नव्हतं. तो खाली बसला. "आई, मैंने तो सिर्फ बेस मॅप में डाला था. बाकी ऊपर वालों ने... और देख, ये तो सॅटेलाइट में भी दिखता है. तेरे नकाशे के बिना भी यही होता."

"झालं असतं का?"

त्यानं बॅगेतून जाडजूड अहवाल काढला आणि शेवटचं पान उघडून आईपुढे धरला. तिथे आभाराच्या यादीत तिचं नाव होतं. श्रीमती मंदाकिनी देवघरे, सेवानिवृत्त शिक्षिका. "मैंने तेरा नाम भी दिया है," तो म्हणाला. त्याच्या आवाजात फुशारकी नव्हती. आईनं आपल्याला वाईट समजू नये, एवढंच होतं. ते पाहून बाईंना त्याच्यावर धड रागावताही येईना. त्यांनी अहवाल मिटला. "त्यातून माझं नाव काढून टाका म्हणावं."

"अब नहीं निकलेगा, आई. पास हो गया."

सुनावणीच्या दिवशी मंदाकिनीबाई इस्त्रीची साडी नेसून गेल्या. कार्यालयाच्या लांब खोलीत ढिमरापाऱ्यातली तीसचाळीस माणसं भिंतीला टेकून उभी होती. नत्थू पुढे बाकावर होता, धुतलेला सदरा घालून. त्यानं बाईंना पाहून हात जोडले. पिंकी त्याच्यामागे उभी होती. तिनं मान हलवली.

साहेब तरुण होते, बोलण्यात सभ्य. त्यांनी बाईंना बसायला खुर्ची दिली. बाईंनी समजावायला सुरुवात केली. साहेब, पाणी मागे हटवून कुणी भुई चोरलेली नाही. नाल्यानं वरच्या शेतांची माती आणली, मुखाशी टाकली, त्यातून ही जमीन झाली. जगात सगळीकडे अशीच होते. मोठमोठी शहरं अशा भुईवर वसली आहेत. ही जमीन नदीनं दिली आहे, आणि या माणसांनी ती तीन पिढ्या बांधून, लिंपून धरली आहे.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "यानी पहले वहाँ पानी था," ते म्हणाले.

"तसं नाही, साहेब..."

"मॅडम, मैं एक ही बात पूछ रहा हूँ. नकाशा आपने बनवाया. ये लाल रेखा सही है या गलत?"

बाईंनी साऱ्या आयुष्यात वर्गात कधी खोटं सांगितलं नव्हतं. एखाद्या पोरानं विचारलेलं माहीत नसलं तर 'पता नहीं, कल देख के बताऊँगी' असं त्या सरळ म्हणत. त्यांनी भिंतीशी उभ्या बायका पाहिल्या. एकीच्या काखेत पोर झोपलं होतं.

"गलत है," बाई म्हणाल्या.

साहेबांनी मान वर केली.

"लहान पोरांचं काम आहे ते. आणि बबांचं वय झालेलं. म्हाताऱ्या माणसाला कुठलं काय आठवतं! ते काहीबाही सांगत होते, पोरांनी लिहून घेतलं. त्यांचं डोकं तेव्हाच ठिकाणावर नव्हतं." एकदा तोंड उघडल्यावर शब्द आपोआप येत गेले. हिंदीही त्या दिवशी कुठे अडली नाही.

बाकावरून नत्थू उठला. उठायला त्याला वेळ लागला. पिंकीनं त्याचा सदरा धरला, "बबा, बइठ." त्यानं तिचा हात सोडवला.

"बहिनजी गलत कहत हे, साहेब," तो म्हणाला. "मोला सब सुरता हे. पानी रहिस. पीपर के जरी ले रहिस. मैं लबारी नइ मारँव."

मला सगळं आठवतं. पाणी होतं. मी खोटं बोलत नाही.

मागून एक बाई ओरडली, "चुप रह, बबा!" दुसरीनं कपाळावर हात मारून घेतला. नत्थू उभाच होता, साहेबांकडे पाहत. त्याला घर नको होतं असं नाही. पण त्याच्या बापाची नाव त्या पिंपळाला बांधलेली त्यानं पाहिली होती, आणि भर कचेरीत त्याला कोणी वेडा म्हणावं, तेही बहिनजींनी, हे त्याला सहन झालं नाही.

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. वीस मिनिटांत सगळं आटोपलं.

बाहेर जिन्यात बाई त्याची वाट पाहत थांबल्या. तो पिंकीच्या खांद्यावर हात ठेवून उतरत आला. त्यांच्यापाशी क्षणभर थांबला. "मोला पगला काबर कहेव, बहिनजी?" त्यानं विचारलं. मला वेडा का म्हणालात?

"बबा, तुमचं घर वाचावं म्हणून..."

"घर त जाबे करही," तो म्हणाला. "अब मोर गोठ घलो गे." घर तर जाणारच. आता माझा शब्दही गेला. आणि तो पायऱ्या उतरून गेला.

मे महिन्यात ढिमरापारा उठला. कोणी मारामारी केली नाही. माणसांनी स्वतःच खपरे उतरवले, दारं चौकटीसकट काढली, तुळशी उपटून डब्यांत लावल्या. बाई सकाळपासून तिथे उभ्या होत्या. त्यांना कोणी जा म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. एका ट्रकवर नत्थूचा डोंगा चढवला. ट्रकवाला म्हणत होता, तिथं तलाव नाही, हे कशाला नेता? नत्थूनं दोरखंड पुढे केला. दोघांनी मिळून डोंगा बांधला आणि ट्रक धूळ उडवत निघून गेला.

नवी घरं शहराबाहेर चौदा किलोमीटरवर होती, भाठ्यावर. भाठा म्हणजे गवतही धड न उगवणारी मुरमाड जमीन. तीन मजली, फिकट पिवळ्या इमारती. चिठ्ठीत नत्थूला तिसरा मजला आला. गुडघे धरलेले, त्यामुळे तो सकाळी एकदा खाली उतरायचा तो अंधारल्यावरच चढायचा. दिवसभर दोन इमारतींच्या मधल्या बोळात, पालथ्या घातलेल्या डोंग्याला टेकून बसायचा. पहिल्या उन्हाळ्यातच डोंग्याच्या फळ्या वाळून तडकल्या.

मंदाकिनीबाई दर गुरुवारी जाऊ लागल्या. दोन बस बदलून, हातात काहीबाही घेऊन. तिथल्या पोरांची शाळा सुटली होती, म्हणून त्यांनी खालच्या पडवीत शिकवायचं ठरवलं. पहिल्या गुरुवारी चार पोरं आली, दुसऱ्या गुरुवारी एक. तिसऱ्या गुरुवारी बाई सतरंजी पसरून एकट्याच बसल्या. वर गॅलरीत बायका तांदूळ निवडत होत्या. त्या वाईट वागल्या नाहीत. एकीनं चहा आणून दिला. पण पोराला खाली पाठवलं नाही.

नत्थू त्यांच्याशी बोलत असे. तब्येत विचारली तर ठीक म्हणे, पाऊस विचारला तर पाऊस सांगे. पण आधी तो स्वतःहून बोलायचा, ते आता नव्हतं. एकदा बाईंनी हात जोडून माफी मागितली. तो घाईघाईनं म्हणाला, "अइसन झन करव, बहिनजी," असं करू नका, आणि तोंड फिरवून रस्त्याकडे पाहत राहिला. पहिल्या कार्तिकात बाईंनीच बाजारातून शिंगाडे विकत घेऊन नेले. ते त्यानं घेतले, शेजारच्या पोरांत वाटले. स्वतः एकही सोलला नाही.

पिंकीचं कॉलेज सुटलं. जाण्यायेण्यातच चार तास मोडायचे, आणि आईचा मासळीचा धंदा बसल्यावर घर चालवायलाही कोणी हवं होतं. ती गोल बाजारात एका कापडाच्या दुकानात लागली. बाईंनी दोनदा तिथे जाऊन तिला समजावलं. परीक्षा बाहेरून दे, फॉर्म मी भरते, माझ्याकडे येऊन राहा. पिंकी ताग्याची घडी घालत ऐकत राहायची. "देखेंगे, मॅडम," म्हणायची. मालक पाहू लागला की बाई उगाच एखादा रुमाल विकत घेऊन परतायच्या. त्यांच्या कपाटात असे रंगीत रुमाल साठत गेले.

जोगीबांध्याचा काठ पूर्ण झाला. गुळगुळीत वाट, लोखंडी बाक, ओळीत लावलेली झाडं. संध्याकाळी माणसांची गर्दी होऊ लागली. एका रविवारी अभिनव म्हणाला, "आई, चल ना, एक बार देख तो ले. अच्छा बना है." त्याला खरंच वाटत होतं की आईला बरं वाटेल. बाई म्हणाल्या, "तू जाऊन ये." त्याच आठवड्यात त्यानं नकाशाला काच लावून आणू का, असं विचारलं. बाईंनी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर त्यांनी नकाशा उतरवला आणि कपाटाच्या वर सारून ठेवला. अभिनवच्या ते लक्षात आलं. त्यानं विचारलं नाही. त्यानंतर मायलेकात बोलणं कमी झालं असं नाही. भाजी काय करू, गॅस संपला, तुझा फोन वाजतोय, सगळं चाले. फक्त त्याच्या कामाबद्दल बाई कधी विचारत नसत आणि तोही सांगत नसे.

दोन हजार अकराच्या पावसाळ्यात बाईंना ताप आला, तो लांबला. तीन गुरुवार चुकले. चौथ्या गुरुवारी त्या गेल्या तर डोंग्यापाशी कोणी नव्हतं. खाली खेळणाऱ्या एका पोरीनं सांगितलं, बबा गेला. नऊ दिवस झाले. झोपेतच गेला. उद्या दशगात्र आहे, म्हणजे दहावा.

त्यांना कोणी कळवलं नव्हतं. त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या पहाटेच निघाल्या. दहाव्याला सगळी माणसं तलावावर जाऊन अंघोळ करतात, केस उतरवतात. इथे तलाव नव्हता. पाण्याचा टँकर बोलावला होता. पुरुष रांगेनं त्याच्या नळाखाली डोकं धरत होते आणि पाणी मुरमावरून वाहून रस्त्याच्या खड्ड्यात साचत होतं. बायका एकमेकींवर बादल्या ओतत होत्या. पिंकीची आई ओल्या लुगड्यात, केस मोकळे सोडून बसली होती. बाईंना पाहताच तिनं मोठ्यानं गळा काढला. दोघीतिघी तिला धरायला धावल्या. बाई जिथे होत्या तिथेच थबकल्या.

पिंकी गर्दीतून बाहेर आली. एकवीस वर्षांची झाली होती, चेहरा उतरलेला. तिनं बाईंचा दंड धरला आणि त्यांना हलकेच बाजूला, बसथांब्याकडे नेलं. थांब्यावर सावली नव्हती. पिंकीनं आपली ओढणी काढून बाईंच्या डोक्यावर धरली.

"मॅडम, एक बात बोलूँ? बुरा मत मानना."

"बोल बेटा."

"आप अब मत आया करो."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"आपको देख के माँ को सब याद आता है. बबा को भी आता था. आप गुरुवार को आती थीं, तो बबा दो दिन खाना नहीं खाता था." पिंकीनं ओढणी बाईंच्या कपाळावर आणखी पुढे ओढली. "आपने जानबूझ के कुछ नहीं किया, मालूम है. मैंने भी नहीं किया. पर आप मत आना."

"तू भेटशील का मला? दुकानात आले तर?"

बस लांबून दिसली, तशी पिंकी म्हणाली, "मैं दुकान छोड़ रही हूँ, मॅडम. शादी पक्की हो गई है. बिलासपुर के उधर."

बस आली. पिंकीनं वाकून बाईंच्या पायाला हात लावला, शाळेत लावायची तसाच, आणि त्यांना हात देऊन वर चढवलं. बाई खिडकीशी बसल्या. बस सुटली, तेव्हा ती पाठमोरी टँकरकडे चालली होती. तिनं वळून पाहिलं नाही.

घरी पोचायला दुपार झाली. अभिनव त्या दिवशी घरीच होता. आईचा चेहरा पाहून तो उठला. स्वयंपाकघरात गेला आणि चहा करून आणला. साखर जास्त झाली होती. बाईंनी तो सगळा प्याला.

"आई," तो बऱ्याच वेळानं मराठीत म्हणाला, "मी चुकलो का गं?"

मंदाकिनीबाईंना त्याला नाही म्हणायचं होतं. पण एकदा खोटं बोलून काय झालं, ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.